पाचवा पंचा

सेमिकच्या सणाला घरी येणाऱ्या मेलेल्यांना आधी आंघोळ, मग जेवण. चाचावीनं ही रीत कधी चुकवली नव्हती. आदल्या दुपारीच तिनं न्हाणीघर तापवलं, वाफेत अंगावर मारायला बर्चच्या कोवळ्या डहाळ्या भिजत घातल्या आणि खुंट्यांवर चार पंचे टांगले. एक नवऱ्याचा, एक सासूचा, दोन पाळण्यातच गेलेल्या लेकरांचे. पाणी घेऊन परत आली तर पाचवा पंचा लटकत होता. लाल किनारीचा, तोयमेतचा.

तिनं तो ओढून काढला आणि सून उनायच्या अंगावर भिरकावला. "माझ्या जित्या लेकाला मेल्यांच्या रांगेत बसवतेस?"

जिता! दोन वर्षं झाली होती. तोयमेत लाकडाच्या तराफ्यावरून व्होल्गेनं खाली गेला, तो गेलाच. तराफा सापडला, दोर सापडले, माणूस नाही. नवे बूट कशाला घेतलेस म्हणून त्या दिवशी चाचावी त्याच्यावर फुगून बसली होती. नदीवर जाणाऱ्याला "कडेकडेनं जा" म्हणायचं असतं, एवढंही तिनं म्हटलं नाही. ते तिला आतून कुरतडत होतं. गावच्या पुजाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, जित्याच्या नावानं मेणबत्ती लावली तर त्याचं आयुष्य जळतं, मेलेल्याच्या नावानं नाही लावली तर तो उपाशी भटकतो. आता काय करायचं ते तूच ठरव. असा सल्ला तर कुणीही दिला असता.

उनायनं पंचा उचलला, घडी घातली. "आई, तो रोज स्वप्नात येतो. उंबऱ्यापाशी उभा असतो, ओलाचिंब. घावन मागतो. मी द्यायला उठते, तर नुसता भिंतीवर हात आपटतो."

"तुझ्याच बरा येतो. मी आई आहे. माझ्या का येत नाही?"

उनायनं पंचा आपल्यापाशीच ठेवला.

दुसऱ्या दिवशी परातीच्या काठावर चार मेणबत्त्या लागल्या. घावन, अंडी, घरी गाळलेली जवाची दारू. चाचावी एकेकाचं नाव घेऊन घास मोडायची, परातीत टाकायची आणि "तुझ्यापर्यंत पोचो" म्हणायची. सासूचा झाला, लेकरांचे झाले. शेवटी नवऱ्याचा घास. तिनं घावन मोडलं, कडेचा करपट भाग नखानं खुडून बाजूला ठेवला. नवऱ्याला तर करपटच आवडायचं.

"तोयमेत, तुझ्यापर्यंत पोचो."

घास परातीत पडला होता. सेमिकला नाव घेऊन टाकलेला घास परत उचलत नाहीत. चाचावीचा हात तसाच परातीवर राहिला, नि मग तिनं असा हंबरडा फोडला की शेजारची बाई कुंपणापाशी धावत आली. दोन वर्षं तिनं जिभेला लगाम घातला होता, आणि जिभेनंच दगा दिला. की जिभेला आधीपासूनच ठाऊक होतं? उनायनं पाचवी मेणबत्ती पेटवली. ह्या खेपेला चाचावीनं तिचा हात धरला नाही.

नवऱ्याचा घास मग वेगळा टाकला.

ऊन उतरायच्या आत पाहुण्यांना वाटेला लावायचं असतं. जे मागे राहतात ते घरातल्या कुणाला तरी बरोबर नेतात. चाचावीनं फाटक उघडलं. नवऱ्याला म्हणाली, जा आता, पुढच्या सेमिकला या. सासूला नमस्कार केला. लेकरांना आजीचं बोट धरायला सांगितलं. मग तोयमेतची पाळी. दोन वर्षं ती ह्याच फाटकात उभी राहून "ये रे, ये रे" म्हणत होती. त्याच तोंडानं आता "जा" कसं म्हणायचं?

"आई, म्हणा," उनाय पुटपुटली. "तो थांबलाय."

चाचावीनं सुनेच्या हातून लाल किनारीचा पंचा घेतला आणि फाटकाच्या खांबाला बांधला.

"अंग पूस," ती म्हणाली. "आणि जा, बाळा. कडेकडेनं जा."