निळ्या पडद्यासमोर आई

गाव सोडलं त्या सकाळी आई एसटीच्या खिडकीशी उभी राहून सारखी बजावत होती, "कुनाला भिऊ नगंस." तेव्हा मला भीती अशी वाटलीच नव्हती. सुटले एकदाची, एवढंच वाटत होतं. भीती नंतर आली.

तुम्हा गावाकडच्यांना, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनाही, आपले पेंटर नाना आठवत असतील. घरात कुणी गेलं की जुन्या फोटोवरून ते त्या माणसाचं चित्र काढायचे. मागे निळा पडदा, हातात गुलाब, नजर समोर. जिवंत माणसाचं चित्र त्यांनी कधी काढलं नाही. नवी मुंबईत, सानपाड्यात लग्नांचे फोटो काढून पोट भरताना मला तीच चित्रं दिसत राहायची. मग ठरवलं, प्रदर्शनासाठी तसेच फोटो काढायचे, फक्त माणसं जिवंत. एपीएमसी मार्केटातले आपल्याकडचे माथाडी बसवले, त्यांच्या बायका बसवल्या. दिवाळीला गावी आले तेव्हा आईलाही बसवलं. गुलाब हातात घेत ती म्हणाली, "एवढी घाई झालीय व्हय तुला?" मी हसण्यावारी नेलं.

परवा तो फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकला. खाली दोन शब्द लिहायचा कंटाळा केला. लगेच आप्पांचा फोन. आप्पा म्हणजे माझे चुलते, मार्केटात गोणी वाहतात. ते रडत होते. "वयनी कवा गेली गं?"

तुम्ही म्हणाल, फोटो पाहूनच ते रडतायत, एवढं कळू नये? नाही कळलं. वाटलं, गावाहून निरोप त्यांना आधी पोचला. आईला फोन लावला, तिनं उचलला नाही. पुन्हा लावला. गुलाब मीच तिच्या हातात दिला होता, एवढंच डोक्यात घोंघावत होतं.

शेवटी तिनं उचलला. गिरणीत गेली होती दळण घेऊन. सगळं ऐकून म्हणाली, "आप्पाला म्हनावं, रडू नगंस, मी हाय." मी म्हटलं, प्रदर्शनातून तुझा फोटो काढून टाकते.

"काढू नगंस. तितं लाव. हितं गावात नगं. हितं मी अजून हाय."

वाशीच्या हॉलमध्ये फोटो लागलाय. लोक निळ्या रंगाचं कौतुक करतात. आप्पाही येऊन गेले. आईच्या फोटोकडे पाठ करून त्यांनी बाकीचे सगळे पाहिले.

घर कुठलं विचारलं की पूर्वी मी गावाचं नाव सांगायचे, अलीकडे सानपाडा सांगते. पण रोज सकाळी आईला फोन लावते, पलीकडे रिंग वाजत राहते, आणि तिचा "बोल" ऐकू येईपर्यंत मला कुठलंच घर नसतं.