बायकांच्या हातातला डफ

बहरीनच्या हमद टाउनमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर एक मल्याळी नर्स राहते. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ती वर आली आणि मला ताल धरता येतो का, असं विचारू लागली. शाळेत मी लेझीम खेळायचे, हे मीच तिला कधीतरी सांगितलं होतं. त्यांच्या चर्चमधल्या बायका एक नाच बसवत होत्या. प्राचीन हिब्रू लोक गुलामीतून सुटून समुद्रापलीकडे आले, तेव्हा त्यांच्यातल्या एका बाईनं डफ हातात घेतला आणि बाकीच्या बायकाही डफ वाजवत, नाचत तिच्यामागं निघाल्या, अशी ती बायबलमधली गोष्ट.

आम्ही बौद्ध, त्यामुळे मला ही गोष्ट नवीन होती. मी विचारलं, जीव घेऊन पळालेल्या बायकांनी डफ कशाला बरोबर घेतले असतील? नर्स हसली. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं म्हणे.

तिनं हूरा भागातल्या दुकानातून प्लॅस्टिकच्या खंजिऱ्या आणल्या होत्या. मला त्या पटेनात. मोबाइलवर शोधताना त्या काळच्या मातीच्या मूर्तींचे फोटो सापडले. उभी बाई, छातीशी धरलेलं गोल वाद्य. त्याला झांजा दिसत नव्हत्या. सनाबिसच्या ऑफिसात माझ्या शेजारी एक बहरीनी मुलगी बसते. तिला फोटो दाखवला, तर ती म्हणाली, हे तर माझी आई वाजवते.

त्याला इथं 'तार' म्हणतात. तिची आई लग्नांत बायकांच्या बैठकीत ते वाजवायची. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा आईंनी ते वाद्य उन्हात तापलेल्या गाडीच्या बॉनेटवर ठेवलं. कातडं ताणलं गेल्यावर एक थाप मारली आणि ते माझ्यापुढं धरलं. माझा हात पुढं होईना.

माझ्या आजोबांना गावच्या मिरवणुकीपुढं हलगी वाजवावी लागायची. नाही म्हणायची सोय नव्हती. बौद्ध झाल्यावर त्यांनी ती सोडली, आणि पुढं आमच्या घरात कुणी चामड्याच्या वाद्याला हात लावला नाही. बायकांनी तर त्याआधीही नाही. त्या हिब्रू बायकांनी सुटका झाल्यावर डफ उचलला, आमच्या माणसांनी खाली ठेवला. हे कसं, ते मला कळेना.

घरी येऊन आईला फोन केला आणि सगळं सांगितलं.

"त्या बायकांना कुणी वाजवायला लावलं होतं का?" तिनं विचारलं.

"नाही. आपणहून वाजवलं."

"आणि तुला कुणी लावतंय?"

"नाही गं."

"मग वाजव की."

पुढचे तीन आठवडे ऑफिस सुटल्यावर मी त्या तार वाजवणाऱ्या बाईंकडं जात राहिले. त्यांना हिंदी येत नव्हती, मला अरबी जेमतेम. त्या माझं मनगट धरून ठेका दाखवायच्या आणि जमला की "खलास", म्हणजे झालं, असं म्हणायच्या.

त्यानंतरच्या शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चच्या हॉलमध्ये मी बाईंकडून मागून आणलेलं वाद्य वाजवलं आणि बारा बायका गोल करून नाचल्या. तिसऱ्या फेरीला माझा ठेका सुटला. पुढं असलेली नर्स जागच्या जागी पाऊल आपटत थांबली, बाकीच्याही तशाच थांबल्या, आणि मी ताल पकडल्यावर पुन्हा निघाल्या. माझे तळवे लाल झाले होते.

रविवारी इथं ऑफिस असतं; ते सुटल्यावर मी वाद्य परत द्यायला गेले. बाईंनी ते घेतलंच नाही. मुलीकडून सांगितलं, अजून दुसरा ठेका शिकायचाय, खाली बस.