इळ्याचं लोखंड

धान कापून हात धुतले तरी तळव्यांना इळ्याचा वास राहतोच, ओल्या लोखंडाचा, थेट रक्तासारखा. परवा आसगावच्या धानाच्या बांधीत तो वास आला आणि ताईची खोली डोळ्यांपुढे उभी राहिली.

ताई नुकतीच बाळंत झाली होती. बाहेरचं काही लागू नये म्हणून आईने तिच्या उशाखाली इळा ठेवला होता. रक्त थांबत नव्हतं. नर्सबाईंनी ताईची पापणी खाली ओढून पाहिली.

"हिच्या रक्तात आधीच लोह कमी होतं, आता तर काहीच नाही राहिलं. गाडी बोलवा लवकर."

"लोह म्हंजे काय जी?" आईने विचारलं.

"लोखंड, माय."

आईने उशाखालचा इळा ओढला आणि दोन्ही हातांनी बाईंपुढे धरला. "हे घ्या ना बाई. लागन तेवढं काढा, पण माह्या पोरीले द्या."

गाडी आली, तोवर ताई गेली होती.

आईच्या अडाणीपणाचा मला कितीतरी वर्षं राग होता. आता मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. इळ्यातला आणि रक्तातला लोहाचा अणू एकच, हे फळ्यावर लिहिताना खडू थांबतो. ताईला जे हवं होतं, नेमकं तेच आईने पुढे केलं होतं.