श्रावणातली आयरिश कॉफी

आधी मावशींबद्दल. जासईत ज्यांच्या घराच्या मागच्या खोलीत मी भाड्यानं राहते, त्या मावशी. नात्यानं त्या माझ्या कोणी लागत नाहीत. देव्हारा स्वयंपाकघरातच, श्रावण कडक, आणि कॉफी म्हणजे पाहुणा आजारी असला तर द्यायची गोष्ट, असं ते घर. तरी आज मी महाप्याच्या एका हॉटेलात काउंटरमागं उभी राहून आयरिश कॉफी बनवते ती मावशींमुळं. मावशींचे यजमान, म्हणजे काका, त्यांनी मदत केली, आमच्या कॅप्टननीही केली, पण पहिल्या मावशी. हे आधीच सांगून टाकते. कारण मी सांगायला लागले की घाबरत घाबरत सांगते, आणि महत्त्वाचं तेवढं राहून जातं.

मी माण तालुक्यातली. शाळा आठवीत सुटली, त्याची कारणं जी सगळ्यांची असतात तीच. हॉटेलात मी खोल्या आवरायला लागले होते. चादरी बदलायच्या, बाथरूम घासायचं, आरशावर डाग राहिला नाही ना ते तिरकं होऊन बघायचं. काम बरं होतं, पण कंत्राटी होतं, आणि गणपतीनंतर कंत्राट संपणार होतं. पुढं घेतील की नाही कोणी सांगत नव्हतं. गावी परत जावं लागलं असतं, आणि आमच्याकडं पोरगी एकदा परत आली की तिला पुन्हा कोणी पाठवत नाही.

तेवढ्यात काउंटरवरची मुलगी लग्न करून गेली. कॅप्टन, म्हणजे टेबलांवर आणि काउंटरवर लक्ष ठेवणारे आमचे वरिष्ठ, मला म्हणाले, "करशील का? चहा-कॉफी तर येते तुला. मॅनेजर साहेब फक्त एक गोष्ट करून बघायला सांगतात. आयरिश कॉफी. ती जमली की कायम."

मी हो म्हटलं. ती काय असते ते नंतर विचारलं.

दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यांनी एकदा करून दाखवली. काचेचा ग्लास गरम पाण्यानं शेकून घेतला. तळाशी व्हिस्की, त्यात तांबूस साखर, वरून कडक काळी कॉफी, ढवळली. मग अर्धवट फेटलेलं क्रीम चमच्याच्या पाठीवरून हळूच सोडलं. खाली काळं, वर पांढरं, मध्ये रेघ. नवी नवरी मळवट भरून बसावी तसा ग्लास नुसता बघत राहावा असा.

"क्रीम वर राहिलं पाहिजे," कॅप्टन म्हणाले. "हात थरथरला की बुडतं. बाकी टेन्शन नाय."

माझा हात तर फॉर्मवर सही करतानाही थरथरतो.

घरी आल्यावर मावशींनी तोंड बघूनच विचारलं, "काय झालं गो? कोनी बोललं काय?" मी सांगितलं. दारूचं सांगताना आवाज खाली गेला. मावशींना त्याचं काही वाटलं नाही. लग्नातल्या हळदीला त्यांच्या अंगणात कशा बाटल्या उघडतात ते मी बघितलं होतं. त्यांना वेगळीच अडचण दिसली.

"श्रावन हाय," त्या म्हणाल्या. "काकांची बाटली कपाटात हाय, पन ती गनपती जाईपरत उघडायची नाय. माज्या ओट्यावर तर नायच नाय."

"मग कशी शिकू?"

"दारूच्या जागी पानी घाल. पानी काय नि दारू काय, ग्लासात दोनी पातलच."

मला हे एकदम पटलं. थरथरतो तो हात, तो पाण्यानंही सुधारेल.

आता ग्लास. रेघ दिसायला काच हवी, आणि मावशींकडं काय नि माझ्या खोलीत काय, पेले स्टीलचे. मावशी बाहेरच्या खोलीत गेल्या आणि शोकेस उघडलं. त्यात त्यांच्या लग्नातला काचेच्या ग्लासांचा सेट होता, प्रत्येकावर सोनेरी वेल. तो कधी वापरलेला मी बघितला नव्हता. काकांनीही नसावा, कारण ते म्हणाले, "हे प्यायचे होते काय? मना वाटलं शोभेचे."

पहिल्याच दिवशी मी ग्लास शेकायचा विसरले, उकळती कॉफी ओतली आणि ग्लास तडकला. कॉफी ओट्यावरून माझ्या पायावर. मला पायापेक्षा काचेचं जास्त लागलं. मी रडायला लागले तर मावशींनी आधी पायावर पाणी ओतलं, मग काच गोळा केली आणि म्हणाल्या, "गेला तो गेला. दुसरा काढ."

क्रीमचंही तसंच. मावशींकडं तुपासाठी साठवलेली साय होती. म्हणाल्या, हीच घे, बाजारच्यापेक्षा बेस. मी रवीनं चार फेरे दिले तशी त्यांनी रवी हातातून घेतली. "असं नाय गो, जोर लाव." मी थांबा थांबा म्हणतेय, आणि त्यांचा हात काही थांबेना. इतक्या वर्षांची सवय. लोण्याचा गोळा वर आला तेव्हाच थांबल्या. मग दोघी त्या गोळ्याकडं बघत बसलो.

"हे तरंगल," मावशी म्हणाल्या.

"तरंगेल हो, पण पिणार कसं?"

संध्याकाळी भाकरीवर ते लोणी खाल्लं. दुसऱ्या दिवशी काकांनी उरणहून क्रीमचं पाकीट आणलं, आणि मावशींनी रवी माझ्या हातात देऊन स्वतःचे हात पदराखाली ठेवले.

त्या घरात काही टाकत नाहीत. मी करायचे ते कप मावशी आणि काका प्यायचे. मी रेघ बरोबर आणावी, कौतुकानं बघावं, आणि काकांनी ग्लास उचलून सगळं बशीत ओतावं. फुंकर मारून, भुरका घेऊन म्हणावं, "दूध आधीच घातलं असतंस तं येवढा कुटाना नसता." पण सोडला नाही एकही कप.

दोघांनाही साखरेचा त्रास. म्हणून मावशींनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, "बाय, साखर नावाला घाल. आमाला प्यायची हाय." मी चिमूटभर घालू लागले. हाताला तेच वळण पडलं. क्रीम रोज छान वर राहायचं. माझा हातही थांबला थरथरायचा. त्या दिवसांत आईचा फोन आला.

"काय करतीस आता?"

"कॉफी शिकतेय."

"कॉफी शिकायला लागती व्हय? पानी उकळायचं, पूड टाकायची."

"इथली वेगळी असते."

"जेवतीस ना?"

"जेवते."

व्हिस्कीचं मी बोलले नाही. अजून बोललेली नाही. आई हे वाचणार नाही, तिला डोळ्यांनी कमी दिसतं, पण कोणीतरी वाचून दाखवलंच तर आई, मी पीत नाही. बनवते फक्त.

मग कॅप्टननी हॉटेलात तालीम घेतली. साहेब परवा बघणार, आज माझ्यासमोर कर, म्हणाले. मी ग्लास शेकला. खरी व्हिस्की घातली, पहिल्यांदाच तिचा वास एवढा जवळून आला. हाताच्या वळणानं साखर घातली, कॉफी, ढवळलं. क्रीम चमच्यावरून सोडलं. हात अगदी स्थिर होता, मला शपथ घेऊन सांगता येईल. आणि क्रीम आजारी माणसासारखं एका कुशीवर कललं आणि खाली गेलं. ग्लासभर मळकट दूधकॉफी.

पुन्हा केली. पुन्हा तेच.

एवढ्यात एक मोठा ग्रुप आत आला. कॅप्टन त्यांच्याकडं धावता धावता म्हणाले, "हात हलतोय तुझा. घरी प्रॅक्टिस कर. परवा फायनल."

बसमध्ये मी माझा हातच बघत होते. मांडीवर ठेवला तर थरथरत नव्हता. मग मला वाटलं, मोठ्या ठिकाणी थरथरत असेल, मला कळत नसेल. आपल्यासारख्याचं असंच असतं, घरात जमतं, चारचौघांत बुडतं. जासई येईपर्यंत मी मनानं माणला पोचले होते. बॅग कुठली घ्यायची तेही ठरलं होतं.

मावशी दारातच भाजी निवडत बसल्या होत्या. मी सांगितलं, "बुडली. हात हलतो म्हणाले. मला नाही जमायचं मावशी, मी जाते गावी."

त्या उठल्या. भाजी बाजूला ठेवली. काकांना हाक मारली. "कपाटातली बाटली काढा."

काका बाहेर आले. "श्रावन हाय नं?"

"मना ठाव हाय. प्यायची नाय, बनवायची हाय. देवाला येवढं कलतं. आनि घरात नाय करायची. मागं चूल मांडा."

श्रावणात त्यांच्या घरात कोणाला मासळी खायचीच असली, तर ती मागच्या अंगणात वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात करायची, असा रिवाज आहे. त्याच चुलीवर, शेवग्याच्या झाडाखाली, मावशींनी कॉफीचं पाणी ठेवलं. मासळीचं भांडं नको म्हणून माझ्या खोलीतलं पातेलं आणलं. शोकेसमधले ग्लास पाटावर मांडले. काकांनी बाटली आणली ती दोन्ही हातांत धरून, तान्हं बाळ आणावं तशी. दुपार होती, पाऊस थांबला होता, शेजारच्या दोघी कुंपणावरून बघत होत्या. मावशी त्यांना म्हणाल्या, "पोरीची परीक्षा हाय. जा आपापल्या कामाला."

मी केली. बुडाली. मावशींनी ग्लास उचलून झाडाच्या बुंध्याशी ओतला. पुन्हा केली. पुन्हा झाडाला.

काका मागच्या पायरीवर बसून बघत होते. म्हणाले, "सगली झाडाला चालली. झाडाचा श्रावन नाय काय?"

"तुमी गप ऱ्हावा."

"गपच हाय. पन हात नाय हालत पोरीचा, मी बघतोय नं. पानी घातलं की ऱ्हातं, दारू घातली की बुडतं. दारूचा दोस हाय, पोरीचा नाय."

मी पुन्हा ग्लास शेकला. व्हिस्की घातली, चिमूट साखर घातली, आणि मावशींनी माझं मनगट धरलं.

"थांब. तुज्या साहेबानं किती घातली होती साखर?"

"चमचा भरून. कॅप्टननी."

मावशींनी मनगट सोडलं. त्यांचा चेहरा उतरला. "मी कमी करवली," त्या म्हणाल्या. "आमच्या साखरेपायी." मग त्यांना आणखी काही आठवलं असावं. लहानपणी त्या आईबरोबर मिठागरात जायच्या. "खाऱ्या पान्यात मानूस बुडता बुडत नाय. पानी जड होतं नं. दारू हलकी पडते, ती साखरेनं जड व्हईल. घाल भरून."

मी चमचा भरून घातली. कॉफी ओतली, कण न कण विरेपर्यंत ढवळलं. क्रीम सोडलं. ते पसरलं आणि थांबलं. आम्ही तिघं वाट बघत होतो कधी कलतंय. नाही कललं. काळं, पांढरं, मध्ये रेघ.

मला हसू यायच्या आधी रडू आलं. क्रीम राहिल्याचं नव्हे ते. माझा हात खराब नव्हता, त्याचं.

"आता ही पन झाडाला?" काकांनी विचारलं.

"झाडालाच," मावशी म्हणाल्या. पण ओतण्याआधी त्यांनी तो ग्लास बराच वेळ उजेडात धरून ठेवला.

ठरलेल्या दिवशी साहेबांसमोर केली. साखर मी चमचा भरून, वर थोडी जास्तच घातली. साहेबांनी रेघ बघितली, एक घोट घेतला, मिशीला लागलेलं क्रीम पुसलं आणि म्हणाले, "गोड आहे जरा. पण ठीक. ठेवा हिला." कॅप्टन नंतर म्हणाले, "सांगितलं होतं ना चमचाभर? लक्ष कुठं असतं तुझं?" मी म्हटलं, "मावशींच्या साखरेवर." त्यांना कळलं नाही, मीही उलगडून सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की घरी शिकले.

आता काउंटर माझा आहे. पावसात आयटी पार्कमधले लोक येतात, आयरिश मागतात. अजूनही क्रीम वर राहिलं की मी मनात मावशींना हात जोडते. गिऱ्हाईक विचारतं, कुठं शिकलात? मी म्हणते, जासईत. ते हसतात. त्यांना वाटतं मी गंमत करतेय.

शोकेसमधला सेट एका ग्लासानं कमी आहे. सोनेरी वेलीचा तसा ग्लास मी उरणला शोधला, वाशीला शोधला, मिळत नाही. मावशी म्हणतात, राहू दे, त्या जागी तुजा फोटो ठेवू. मी शोधणं सोडलेलं नाही.

आणि खरी आयरिश कॉफी मावशींनी अजून चाखलेली नाही. झाडानं चाखली. गणपती झाले की चला, असं मी म्हणते, तर त्या म्हणतात हॉटेलात जाऊन मी काय करू गो. पण एक दिवस मी त्यांना नेणार आहे. काकांना पण. काउंटरच्या पुढच्या उंच खुर्चीवर मावशींना बसवणार, ग्लास शेकणार, त्यांच्या समोर बनवणार. साखर नावाला घालणार, क्रीम बुडालं तर बुडू दे. आणि काकांना न मागता बशी देणार.