पुढच्या दारानं

मी बी.ए. झालो. आमच्या पाड्यावर माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही. निकाल लागला तेव्हाच ठरवलं, बाला डहाणूला समुद्रासमोरच्या पारशी हॉटेलात न्यायचं आणि खुर्चीवर बसवून चहा पाजायचा. बा वर्षानुवर्षं कैनाडच्या आमच्या वाडीतून त्याच हॉटेलात भाजी आणि चहासाठी पुदिना पोचवायचा, पण मागच्या दारानं. स्वयंपाकघराच्या पुढे तो कधी गेला नव्हता.

डहाणूच्या बाजारात बा वाण्याशी गुजरातीत बोलला, इराणी बेकरीवाल्याशी हिंदीत, मच्छीवालीशी मराठीत. सगळ्यांना सांगणं एकच: पोरगा बी.ए. झाला! सुरूची झाडं लागली, खारा वारा आला, तसा मी जवळजवळ धावायलाच लागलो.

हॉटेलच्या पायरीशी मात्र बा थबकला. उंबऱ्यापुढे पांढऱ्या भुकटीचे मासे आणि फुलं काढलेली, वर ताजं तोरण.

“मागं फिर. इथं लगीन आहे.”

“कोणाचं?”

“मला काय ठावं! चौक लिहिलाय, दिसत नाही? बी.ए. झालास नि डोळे गेले?”

आमच्यात तांदळाच्या पिठाचा चौक लग्नघरातच लिहितात. खरं सांगतो, मलाही पटलं. बिनबोलावता लग्नघरी चहा मागायला कोण जाणार? माझं तोंड एवढंसं झालं. बा वळलासुद्धा, तेवढ्यात मालकीणबाई बाहेर आल्या.

“अरे, तू इकडे कसा? भाजी मागे दे नी.”

“भाजी नाही, बाई. घरात लगीन काढलंत, आम्हाला सांगितलं पण नाही?”

“लगन? कोणाचं, माझं? या वयात?” बाई पोट धरून हसल्या. “अरे वेडा, हे तर मी रोज सकाळी काढते, शुकनाचं. एवढी वरसं येतोस, कधी पाहिलं नाही?”

बानं मागच्या दाराच्या दिशेनं बोट दाखवलं. बाईंचं हसू थांबलं. त्या दारातून बाजूला झाल्या. “आव, डिकरा. अंदर आव.”

“आज गिऱ्हाईक आहे मी,” बा म्हणाला. एकाही माशाला धक्का न लावता त्यानं उंबरा ओलांडला, समुद्राकडे तोंड असलेली खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसला.

“दोन चहा,” त्यानं मोठ्यानं सांगितलं. “पुदिना चांगला घाला. माझ्याच वाडीचा आहे.”