भिंतीबाहेरचे दगड

आयर्लंडमध्ये लेकीच्या गावी तिथल्या चर्चच्या इतिहासाची पुस्तिका हाती पडली. घंटा कुठून आणली, रंगीत काचा कुणी दिल्या, सगळं त्यात होतं. दफनभूमीच्या भिंतीबाहेर मात्र काटेरी झुडपांत बिननावाचे दगड दिसले.

“बाप्तिस्म्याआधी गेलेली बाळं आहेत ती,” लेकीच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. “त्यांना आत पुरू देत नसत. माझा भाऊही इथेच आहे. कुठल्या दगडाखाली, ते आईनं कधी सांगितलं नाही.”

मला शिसारी आली. एका दिवसाच्या जिवाचाही विटाळ मानणारं हे कसलं पावित्र्य! आपल्याकडची वेससुद्धा असल्याच सोवळ्या हातांनी आखलेली.

घरी येऊन पुस्तिका पुन्हा चाळली. त्या बाळांविषयी अवाक्षर नव्हतं. पाद्रीबाबांच्या घोड्याचं नाव तेवढं आवर्जून दिलं होतं.