लाटण्याच्या तालावर डच

नवऱ्याच्या नोकरीपायी चार वर्षं हॉलंडात काढून आम्ही मस्कतला आलो, आणि वादी कबीरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये डच येणारी मी एकटीच निघाले. वासरांत लंगडी गाय शहाणी. खालच्या मजल्यावर रत्नागिरीकडचे एक गृहस्थ राहत. त्यांनी आपली धाकटी बहीण माझ्या हवाली केली. लग्नाला दीड वर्ष झालेलं, नवरा हॉलंडात. व्हिसासाठी भाषेची परीक्षा होती: फोनवर मशीन वाक्य बोलणार, हिने ते तसंच परत म्हणायचं. एकदा ती नापास झाली होती. पुन्हा झाली तर मुलगी तुमच्याकडेच ठेवून घ्या, असं सासरच्यांनी कळवलं होतं.

मुलगी हुशार होती. फक्त पाढे म्हणावेत तशी डच बोलायची, प्रत्येक अक्षर सारख्याच जोराने. डचमधला लांबलचक जोडशब्द आधी तोडायचा असतो, मग एका तुकड्यावर वजन टाकून बाकीचे पळवायचे. मी ओट्यावर लाटणं आपटून वजन दाखवायचे. चुकली की लाटणं तिच्या बोटांना चाटून जायचं. मला मजा यायची, खोटं कशाला बोलू? परीक्षेत साधी वाक्यं असतात हे मला ठाऊक होतं. पण साधी वाक्यं शिकवण्यात कसली ऐट!

परीक्षेआधीच्या शुक्रवारी बिल्डिंगमधल्या बायका माझ्याकडे जेवायला होत्या. मी तिला वर बोलावून सगळ्यांसमोर म्हणायला लावलं: आर्बेइट्सऑनखेस्खिक्तहेइट्सफरझेकरिंग. काम करायला असमर्थ झालेल्यांचा विमा. वजन पहिल्या 'आर्'वर. ती मध्येच अडखळली.

"यल्ला, चल, पुन्हा," मी म्हटलं.

पाच वेळा म्हणवून घेतलं. बायका पोट धरधरून हसल्या. सहाव्या वेळी तिच्या तोंडून आवाजच फुटला नाही. मी म्हटलं, "बसली वाटतं गाडी!" आणि वाढायला घेतलं.

परीक्षेत मशीन बोलत राहिलं आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत गप्प बसली.

तिला गावी धाडायच्या आदल्या दिवशी भाऊ हलव्याचा डबा घेऊन दारात आला. ती मागे जिन्यात उभी होती.

"भाभी, तुम्ही तर जीव ओतलात. आमचीच पोरगी मठ्ठ, त्याला कोण काय करणार? आता खलास."

ती माझ्याकडे बघत होती. नुसतं 'नाही हो' म्हटलं असतं तरी पुरे होतं.

मी डबा घेतला. म्हटलं, "सगळ्यांनाच नाही जमत."